पेरिन ब्रिजवर एकटं, पण खाली कोणीतरी

आयडाहोमधल्या ट्विन फॉल्सपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, सपाट रस्ते, मोटेल, झोप. मग गावाच्या टोकाला स्नेक नदीची दरी एकदम समोर येते आणि तिच्यावर पेरिन ब्रिज, पाण्यापासून तब्बल 148 मीटर उंच. इथे बेस जंपिंगला, म्हणजे पूल किंवा कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारायला, परमिट लागत नाही, वर्षभर कधीही उडी मारा, म्हणून कुठून कुठून नवशिके येतात. शिवाय पॅराशूट भलत्या दिशेला तोंड करून उघडलं तरी आजूबाजूला मोकळी हवा असते, कड्यावर तीच चूक थेट भिंतीवर नेऊन आपटते.

पहिल्या उडीला मेंटॉरने पायलट शूट, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, स्वतःच्या हातात धरलं होतं, म्हणजे मी खाली गेलो की त्या ताणानेच पाठीवरच्या पिशवीची पिन सुटून कॅनोपी, म्हणजे मोठं पॅराशूट, बाहेर येते. नंतर त्याने हळूहळू सगळं माझ्यावर सोडलं, पॅकिंग, पिन, वारा. तो नुसते प्रश्न विचारायचा. ब्रेकची दोरी कॅनोपीवरून आली तर? पाण्यात पडलास तर आधी काय सोडवशील? बेसमध्ये रिझर्व्ह, म्हणजे जादाचं, पॅराशूट नसतं आणि इथून पाणी जेमतेम साडेपाच सेकंदांवर, त्यामुळे उत्तरं वर जायच्या आधीच पाठ हवीत.

मग एका सकाळी म्हणाला, "आज वर तू एकटा, मी खाली थांबतो." रेलिंगच्या बाहेर उभा राहिलो तर मागून ट्रक गेला आणि पूल पायाखाली थरथरला, सवयीने मान वळवून विचारायला गेलो, वारा ठीक आहे ना, आणि बाजूला कोणीच नाही. दोन वेळा परत आत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवणारा मीच होतो, आणि त्या उडीचा आनंद अजून अंगात आहे.

पण मला लिहायचंय ते त्याच संध्याकाळबद्दल. पॅकिंगच्या गवतावर एक पोरगा एकटाच रिग, म्हणजे पॅराशूटची पिशवी, बांधत होता. कोर्स संपला, शिकवणारा दुसऱ्या बॅचला घेऊन निघून गेला म्हणे. खाली कोण आहे विचारलं तर म्हणाला, कोणी नाही, एकटाच मारतो. मला त्या शिकवणाऱ्याचा भयंकर राग आला. पैसे घेऊन उडी शिकवता आणि पाण्यात भिजलेल्या कॅनोपीत अडकलेल्या माणसाला बाहेर कोण काढणार ते शिकवत नाही? एकट्याने निर्णय घेणं वेगळं आणि आपण कुठे आहोत हे कोणालाच माहीत नसणं वेगळं. मेंटॉर यातलं काहीच बोलला नाही. हातातलं सँडविच अर्धं टाकलं, पोराला म्हणाला, "मी खाली पोचून हात करेपर्यंत थांब," आणि ती दगडधोंड्यांची वाट उतरायला लागला, दिवसभरात कितव्यांदा कोण जाणे. मीही मागोमाग.

पोरगा काठाच्या अगदी कडेला उतरला, गुडघ्यापर्यंत भिजला, बाकी काही नाही. वर चढताना मेंटॉरने त्यालाही तेच सगळे प्रश्न विचारले. ब्रेकच्या दोरीचं उत्तर त्याला आलं नाही, तेव्हा तिथेच दगडावर बसून त्याला टॉगल, म्हणजे त्या दोरीची मूठ, हातात धरायला लावला. "उद्या सकाळी आठ वाजता," मेंटॉर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोशोनी धबधबा बघणार होतो, नायगरापेक्षा उंच, इथून अगदी जवळ. धबधबा राहिला. आठ वाजता आम्ही दोघं खाली काठावर होतो.