आजी देवळात जायची

आजीवर दहा वाक्यं लिहून आणा, असं स्पॅनिशच्या बाईंनी सांगितलं होतं. माझ्या पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ आली. मी लिहिलं होतं, 'मि आबुएला फुए आल तेम्प्लो.'

"एकदाच गेली का?" बाईंनी विचारलं.

"छे हो, रोज जायची."

"मग 'फुए' नको, 'इबा' हवं."

'इर' म्हणजे जाणं. 'फुए' म्हणजे गेली. गेली आणि विषय संपला. (आपल्याकडेही 'आजी देवळात गेली' इथवर ठीक असतं. त्यातलं 'देवळात' खोडून बघा.) शिवाय हे 'फुए' दुहेरी नोकरी करतं. 'सेर' म्हणजे असणं, त्याचाही भूतकाळ 'फुए'च. हे 'फु' आणि आपल्या संस्कृतातला 'भू' धातू एकाच मुळातून आलेले, म्हणजे खरी जागा 'असण्या'ची. 'जाणं' तिथे नंतर येऊन बसलंय. अपूर्ण भूतकाळात मात्र दोघांच्या चुली वेगळ्या: होती म्हणजे 'एरा', जायची म्हणजे 'इबा'.

हा काळ तसा गुणी. अख्ख्या स्पॅनिशमध्ये इथे नियम मोडणारी क्रियापदं तीनच: असणं, पाहणं आणि जाणं. इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान. पाढ्यासारखं पाठ होतं.

माझी पंचाईत वेगळीच झाली. मराठीत आजी देवळात जायची, जात असे, जुन्या गोष्टीतली असेल तर जाई. रस्त्यात कुणी हटकलं तेव्हा ती जात होती. स्पॅनिशमध्ये या सगळ्यांना एकटं 'इबा' पुरतं. आणि त्याला 'आ' जोडून पुढे दुसरं क्रियापद ठेवलं, की करायचं ठरवून राहून गेलेलंही त्यातच मावतं. 'इबा आ यामार्ते', म्हणजे तुला फोन करणारच होते! हे वाक्य मला न शिकवताच कळलं. आमच्या घरात ते दिवाळीच्या आसपास फार चालतं.

मग मी दहाही वाक्यं नव्याने लिहिली. आजी रोज संध्याकाळी जायची, हातात तेलाची बाटली असायची, पावसाळ्यात चपला हातात घेऊन अनवाणी चालायची. आणि शेवटी नुसतंच, 'इबा देस्पासिओ.' हळूहळू जायची.

वही परत आली तेव्हा एकही लाल रेघ नव्हती. फक्त शेवटच्या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं: यो की एया? मी की ती?

कारण 'मी जायचे' आणि 'ती जायची', दोन्ही 'इबा'च. स्पॅनिश माणूस कर्ता सहसा गाळतो, कोण ते संदर्भावरून ओळखायचं. आता तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत असायचं, हे मी दहा वाक्यांत कुठे लिहिलंच नव्हतं. बाईंना ते कळणार कसं?

प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. मी काही 'यो' घातलेलं नाही, 'एया'ही नाही.