तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियन विद्यार्थी 'वेअर'पाशी का अडतात?

मी पुण्यातून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. विद्यार्थी बहुतेक सोलमधले नोकरदार. ओळखीचे लोक हमखास विचारतात, की ही माणसं शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकतात, मग बोलताना अडतात कुठे? बऱ्याच जणांना वाटतं, मी उच्चारांबद्दल सांगेन. मी 'वेअर' (wear), म्हणजे अंगावर घातलेलं असणं, या शब्दाचं नाव घेते.

अभ्यासात ही मंडळी कुठेही कमी नाहीत. नोव्हेंबरात होणाऱ्या त्यांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सुनुंगमध्ये, इंग्रजीचे 45 प्रश्न 70 मिनिटांत सोडवायचे असतात. त्यातला ऐकण्याचा भाग चालू असताना देशभरात विमानांची ये-जा थांबवतात, इतकं त्याचं महत्त्व. पण सगळे प्रश्न पर्याय निवडायचे. स्वतःचं वाक्य एकदाही बोलावं लागत नाही. म्हणून अवघड उतारा झरझर वाचणारा माणूस कपड्यांबद्दल बोलताना थबकतो.

कोरियनमध्ये कपडे 'इप्ता', बूट-मोजे 'शिन्ता', टोपी 'स्सुदा', अंगठी आणि हातमोजे 'क्कीदा', घड्याळ 'छादा', टाय 'मेदा'. प्रत्येकाचं क्रियापद निराळं. आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपण सदरा घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, गजरा माळतो आणि बांगड्या तर भरतो! मला ही श्रीमंती फार आवडते, त्यांच्या भाषेतली आणि आपल्यातलीही. सगळ्यांना चालेल असा 'छाग्योंग' हा शब्द त्यांच्याकडे आहे, पण तो सूचनाफलकावरचा: मास्क, सीटबेल्ट, हेल्मेट. घरात कुणी तसं बोलत नाही.

इंग्रजीत या सगळ्याला एकच 'वेअर'. खरं तर ही सोयच झाली, आणि विद्यार्थी ती पटकन उचलतातही. अडचण वेगळीच आहे, आणि ती पाठ्यपुस्तकात 'वेअर म्हणजे इप्ता' असं शिकल्यामुळे होते. 'इप्ता'मध्ये अंगात चढवणंही येतं. 'इप्को इत्ता' म्हटलं तर कोट घालतोय की कोट घातलाय, हे संदर्भावरून ओळखायचं. मराठीत आपण 'घालतोय' आणि 'घातलाय' अशी सरळ फोड करतो. इंग्रजीत त्यासाठी 'पुट ऑन' आणि 'वेअर' हे दोन वेगळे शब्द लागतात.

एका संध्याकाळी एक विद्यार्थी स्क्रीनसमोर उभे होते. एक हात बाहीत, दुसरी बाही पाठीमागे लोंबतेय, आणि म्हणाले, ''आय एम वेअरिंग माय कोट.'' हेच फोनवर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, की हे कोट घालून तयार आहेत. 'आय वोअर माय शूज अँड वेंट आउट' हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक जण बोलतो. तिथेही 'पुट ऑन' हवं.

म्हणून मी शब्दाशेजारी कोरियन अर्थ लिहूच देत नाही. कॅमेरा चालू ठेवून चष्मा हातात घ्यायला सांगते. हात हलतोय तोवर 'पुट ऑन', हात खाली आला की 'वेअर'. रोजची सवय सांगतानाही 'वेअर'च: ऑफिसला टाय लावतो, मोठ्या नंबरचा चष्मा लावतो. हे दोन-तीन तासिका घोटून घ्यावं लागतं. त्याला दुसरा उपाय मला दिसत नाही. 'टेक ऑफ' मात्र लगेच जमतं. कोरियनमध्ये कपडे उतरवायला, घड्याळ सोडायला आणि अंगठी काढायला वेगवेगळी क्रियापदं आहेत, त्यामुळे एकाच शब्दावर भागतंय म्हटल्यावर सगळे खूश असतात.

शेवटी अत्तर येतं. कोरियनमध्ये ते फवारायचं असतं, त्यामुळे 'वेअर परफ्यूम' कुणाला पटत नाही. मी विचारते, सकाळी फवारलंत, आता संध्याकाळ झाली, वास अजून येतोय का? हो म्हणाले, की सांगते, मग सकाळी 'पुट ऑन' केलंत आणि आत्ता 'वेअर' करताय.