थंडीच्या आधी टोमॅटो घरात आणताना

शरद लागला तरी आमच्या पाव एकराच्या भाजीच्या शेतात दुपार तापलेलीच असते, पण पहाटे दवाने पाय घोट्यापर्यंत भिजतात. काकडीचे वेल पिवळे पडले होते, भोपळ्याच्या पानांवर भुरी चढली होती. टोमॅटो मात्र ऐन भरात. एका आठवड्यात 40 किलो निघाला, त्यातला निम्मा हिरवा.

रात्री पारा 10 अंशांखाली जाऊ लागला की झाडावरचं फळ पिकायचं थांबतं आणि चवही उतरते. म्हणून सगळा तोडला. पूर्वी हिरवे टोमॅटो मी खिडकीत उन्हात मांडायचे. निम्मे सुरकुतून जायचे. तोडलेल्या फळाला पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागते, हे कळायला मला दोन हंगाम लागले. आता खोक्यात एकच थर लावते आणि मध्ये पिकलेलं सफरचंद ठेवते. त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पूर्ण वाढलेली, फिकट झालेली फळं रंगतात. गर्द हिरवी, कोवळी फळं रंगत नाहीत. ती कांद्याबरोबर परतून त्याच आठवड्यात संपवली, आणि आंबटपणामुळे मला ती फार आवडतात.

मग रस आटवायचं काम. टोमॅटोत जवळपास 94 टक्के पाणी. पहिल्या दिवशी उंच पातेलं घेतलं, आच मोठी ठेवली, आणि चार तासांनी रस बुडाला लागला. करपट वास सगळ्या रसात उतरला. 8 किलोचं पातेलं ओतून द्यावं लागलं. उन्हाळाभर पाणी घातलेली फळं होती ती, फार जीवाला लागलं. दुसऱ्या दिवशी टोमॅटो अर्धे चिरून आधी ओव्हनमध्ये भाजले. बरंच पाणी तिथेच उडालं, गोडीही वाढली. मग चाळणीतून गाळून रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. मीठ शेवटी, कारण रस आटतो तसा खारटपणा वाढतो.

बाटल्या भरताना मात्र मी अंदाजावर काही सोडत नाही. टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा असतो, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) 4.6 च्या वर गेला तर बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात, आणि ते वासावरून कळेलच असं नाही. म्हणून लिटरभराच्या प्रत्येक बरणीत 2 मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालते. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतल्याचा ठरलेला असतो. नंतर भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून 40 मिनिटं. उंचावरच्या ठिकाणी याहून जास्त वेळ लागतो.

भोपळे देठासकट कापून उबदार, हवेशीर जागी 10 दिवस ठेवले. साल नखाने टोचेनाशी झाली, तेव्हा ते थंड खोलीत हलवले.

खोक्यात अजून अकरा टोमॅटो आहेत. रोज सकाळी एकेक हातात घेऊन बघते, मऊ पडलेला लगेच बाहेर काढते. आज तीन लाल झाले.