काकांचा धंदा कोणता लिहू?

पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या सरकारी योजनेचे फॉर्म भरायला कारागीरच आमच्या सेवा केंद्रात येतात. मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. पण या काकांचं बोट मशीन घेईचना. तांबं ठोकण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहणार कुठून? गवंड्यांचं, परटांचं तेच. योजना ज्यांच्या हातांसाठी, त्यांचेच हात मशीनला चालत नाहीत, आणि हे वर कळवलं की उत्तर येतं, बोट पुसून पुन्हा लावा. शेवटी लॅपटॉप आणि डोळ्यांचं स्कॅनर पिशवीत टाकून नाशिकात भद्रकालीजवळच्या त्यांच्या वाड्यात गेले. फॉर्म फुकट असतो, तरी आमच्यातलेच काहीजण दोन-दोनशे उकळतात, म्हणून काकूंनी दारातच विचारलं, "घरी यायचे किती?"

डोळ्यांचं काम लगेच झालं. अडलं ते पुढे.

वाड्याची खालची एकच खोली. भट्टी, लाकडी ओंडके, खुंटीला गौरीचे पितळी मुखवटे, मधोमध उघडी पडलेली हार्मोनियम. कुठल्याशा भजनी मंडळाची. "सूर चढवायचा तर रीड, म्हणजे आतली पितळी पट्टी, टोकाकडून घासायची, उतरवायचा तर बुडाकडून," काका म्हणाले, जसं काही मी उद्यापासून हेच करणार होते. भिंतीवर पाचपन्नास हातोडे, सगळे स्वतः बनवलेले. तोंडं आरशासारखी घासलेली, कारण हातोड्यावर ओरखडा असला की तोच तांब्यावर उमटतो.

एक घंगाळ अर्धवट होतं. काकांनी ते लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात बुडवलं. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तांबं उलट, मऊच राहतं. मग गार झालेल्या तांब्यावर मठार, म्हणजे हातोड्याचे एकसारखे ठोके, सुरू. उजवा हात एकाच जागी पडत होता, फिरत होतं ते घंगाळ. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या कडेवर थोडा चढलेला. ठोकून ठोकून तांबं ताठरतं, तसा आवाज बारीक होत जातो. मला तो फरक फार उशिरा कळला, काकांनी त्याआधीच हात थांबवला होता. "आता पुन्हा भट्टीत. नाहीतर चिरेल."

17 सप्टेंबर 2023 ला योजना आली तेव्हापासून यादीत अठरा धंदे आहेत. सुतार, सोनार, शिंपी, कुंभार, न्हावी, होड्या बांधणारे, कुलूपवाले, अगदी हातोडे-अवजारं बनवणारेही. तांबट हे नाव नाही. सगळे लोहारातच टाकतात. आणि धंदा एकच निवडायचा.

"काका, लोहार लिहू?"

"लोहार लाल लोखंड ठोकतो, मी गार तांबं. त्याचं काम कमी नाही, पण ते माझं नाही."

"मग हातोडेवाले?"

"मी हातोडे विकतो का गं?"

काकू आतून कडाडल्या, "लोहार तर लोहार! पंधरा हजारांची अवजारं मिळतायत!"

"लोहाराची मिळतील. आणि आधी पाच-सात दिवस बसवून लोहारकी शिकवतील. या वयात?"

मला तो आधी ताठा वाटला होता. पण खरंच, अवजारं आणि प्रशिक्षण धंदा बघूनच मिळतं. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना. दुसरीकडे 2027 च्या सिंहस्थासाठी तांब्यांची चौकशी आत्तापासून सुरू झालीय, पत्रा रोखीने घ्यावा लागतो, आणि या योजनेसारखं पाच टक्क्यांनी बिनतारण लाखभराचं कर्ज बाहेर कोण देतंय? लोहार लिहिल्याने काकांचा एक ठोका तरी बदलणार आहे का? हेही मला तितकंच पटतं. यादी करणाऱ्यांनी तांबट आळीत एक चक्कर मारली असती तर हा घोळ माझ्या टेबलावर आलाच नसता.

फॉर्म तसाच अर्धा आहे. काकूंचा रोज फोन येतो, "त्यांना न विचारता टाक लोहार." टाकला असता की नाही, माहीत नाही. पण ओटीपी काकांच्याच मोबाइलवर जातो, आणि तो काका उशाखाली घेऊन झोपतात, असं काकूच सांगतात.