टिंबवाले पोचले, कोलनवाले परत आले

बाई निवृत्त झाल्या आणि तीन महिन्यांनी कॉलेजनं त्यांचं मेल खातं बंद केलं. नियमाप्रमाणेच केलं असेल, पण त्या खात्यात ११ वर्षांचा पत्रव्यवहार होता. बाई वनस्पतिशास्त्राच्या. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर कुणाकुणाशी केलेली चर्चा, फुलांची मोजमापं, पठारावर गुडघे टेकून काढलेले फोटो, सगळं त्या एका पत्त्यावर. एक दिवस पासवर्ड चालेना, तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी मला फोन केला. "अरे, पत्ता आपल्या मालकीचा असावा, असं काही करता येतं का?"

मी पुण्यात कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. आधी त्यांना सरळ सांगितलं, की बाई, स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते नाव, घ्या आणि मेल कुणाकडे तरी भाड्यानं ठेवा. डोमेन आपलं असलं की सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. ते त्यांना पटलं. पण पत्रं स्वतःच्या ताब्यातल्या डिस्कवर हवीत, यावर त्या अडून बसल्या. ज्याचं एकदा गेलंय त्याला तर्क सांगण्यात अर्थ नसतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते काम हवंच होतं.

२ जीबी रॅमचं व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्यानं मिळणारा तुकडा, घेतलं. त्यावर डेबियन लिनक्स, मेल ने-आण करायला पोस्टफिक्स, पेटीत ठेवायला आणि फोनवर दाखवायला डव्हकॉट. पोस्टफिक्स १९९८ पासून आहे, आयबीएममध्ये असताना वित्से व्हेनेमा यांनी लिहिलं. मी आजवर हाताळलेल्या सॉफ्टवेअरमध्ये इतकं शिस्तीचं दुसरं पाहिलेलं नाही. बाहेर मेल जायचं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, व्हीपीएसवाल्यांनी बंद ठेवलेलं होतं. स्पॅम पाठवणाऱ्यांमुळे बरेच जण तसं ठेवतात. अर्ज केला, दोन दिवसांनी उघडलं. आणि सर्व्हर चालू होताच तासाभरात लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, कुठले कुठले अनोळखी पत्ते 'ॲडमिन', 'इन्फो', 'टेस्ट' अशा नावांनी पासवर्ड चाचपायला लागले. सारखे चुकणाऱ्यांना अडवणारं फेल-टू-बॅन लावून ते थोपवलं.

चाचणीच्या शनिवारी बाई स्वतः ऑफिसात आल्या. सोबत फील्डवर नेतात ती पाठकोऱ्या कागदांची वही. त्यांना आत काय चालतं ते बघायचं होतं, म्हणून सर्व्हरवरच टेलनेट, म्हणजे सर्व्हरशी टाइप करून बोलायचं साधन, उघडून एक मेल हातानं पाठवून दाखवला. जोडणी होताच समोरून २२० आणि सर्व्हरचं नाव. आपण ईएचएलओ म्हणून स्वतःची ओळख सांगायची, तो २५० म्हणतो, म्हणजे ठीक. मेल फ्रॉम, २५०. आरसीपीटी टू, २५०. डेटा म्हटलं की ३५४, म्हणजे आता मजकूर सांग. मजकूर संपला की एका ओळीवर नुसतं एक टिंब. पुन्हा २५०, आणि पत्र रांगेत. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमांत पुढे भर पडली, पण सांगाडा आजही तोच आहे. बाईंनी ते शेवटचं टिंब स्वतः दाबलं.

मग दुसऱ्या एका सर्व्हरवरून, लॉगिन न करता, तिऱ्हाईताच्या पत्त्यावर मेल ढकलायचा प्रयत्न केला. 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं. हे आल्याशिवाय मी कुठलाही मेल सर्व्हर चालू ठेवत नाही. नाहीतर रातोरात त्यातून जगभर स्पॅम जातो आणि आपला आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, काळ्या यादीत.

खरी कसोटी बाहेरच्या मेलची. एका मोठ्या सेवेवर माझं खातं आहे, त्यावर पहिला पाठवला. पोचला. दुसरा पाठवला, तो ५५०, म्हणजे नकार, घेऊन परत आला. तिसरा पोचला. चौथा पोचला. पाचवा परत. मजकूर तोच, पाठवणारा तोच, घेणारा तोच. दोष कायमचा असला की सापडतो, असा येऊन-जाऊन असणारा दोष फार दमवतो.

माझा संशय डीकेआयएमवर होता. म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरची सही, आणि ती पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत. २०४८ बिटांची किल्ली ३९२ अक्षरांची होते, आणि डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका सलग तुकड्यात २५५ च्या वर अक्षरं मावत नाहीत. किल्ली दोन तुकड्यांत घालावी लागते, आणि जोडावर एखादं अक्षर गळतं. पाऊण तास अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. किल्ली बरोबर होती. मी चुकीच्या जागी खणत होतो.

तोवर बाई शेजारी बसून तक्ता भरत होत्या. वेळ, पोचला की परत, आणि लॉगच्या ओळीत 'रिले' या शब्दापुढे चौकटी कंसात जे काही असेल ते जसंच्या तसं. बारा ओळी झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "हे बघ. जे पोचले त्यांच्या आकड्यांमध्ये टिंबं आहेत. जे परत आले त्यांच्यात कोलन आहेत. एकही अपवाद नाही."

दोन फुलांतला फरक त्या अशाच ओळखत आल्या आहेत.

टिंबं म्हणजे आयपीव्ही ४, कोलन म्हणजे आयपीव्ही ६, आकडी पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत. समोरच्याकडे दोन्ही पत्ते असले तर पोस्टफिक्स मूळ मांडणीत कुठला आधी घ्यायचा ते मनमानी निवडतं. आयपीव्ही ४ ची उलटी नोंद, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी पीटीआर, मी केली होती. आयपीव्ही ६ ची राहिली होती, आणि एसपीएफमध्येही, म्हणजे आपला मेल कुठल्या पत्त्यांवरून येईल त्या यादीतही, तो पत्ता नव्हता. निनावी पत्त्यावरून आलेला मेल समोरच्यानं नाकारला, यात त्याचं काही चुकलं नाही. परत आलेल्या मेलमध्ये कारण लिहिलेलं होतं. पहिल्या दोन ओळी वाचून मी ठरवून टाकलं होतं, तिसरी वाचलीच नव्हती.

व्हीपीएसच्या पॅनलमध्ये पीटीआर भरली, एसपीएफमध्ये पत्ता जोडला, जुन्या नोंदी विरायला तासभर थांबलो. बाईंनी नवं पान घेतलं. वीस मेल, वीसही पोचले. दोन स्पॅममध्ये पडले, ते मी बाहेर काढून उत्तरं दिली. नव्या आयपीला पत जमवायला वेळ लागतोच.

संध्याकाळी बाईंनी नव्या पत्त्यावरून पहिलं खरं पत्र लिहिलं, बंगळुरूच्या एका जुन्या सहकाऱ्याला. विषय मराठीत, 'कंदीलपुष्पांचे फोटो'. सर्व्हरवर तो विषय यूटीएफ-८ च्या खुणेमागे न कळणाऱ्या अक्षरांच्या ओळीत दिसत होता. त्यांच्या फोनवर स्वच्छ मराठी.

सोमवारी सकाळी लॉग चाळताना एक नाकारलेला मेल दिसला. ५५२, आकार मर्यादेबाहेर. पाठवणारा बंगळुरूचा. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा साधारण १० एमबीची असते, आणि मेलमध्ये जोडलेली फाइल बेस-६४ मध्ये जाताना एक तृतीयांशानं फुगते. मर्यादा ५० एमबी केली आणि बाईंना फोन लावला.

"बाई, त्यांना परत पाठवायला सांगा. आता मावेल."

"काय पाठवतोय तो?"

मला माहीत नव्हतं. रात्री साडेनऊला एकामागून एक सात मेल आले. त्यांनी बाईंची जुनी पत्रं जपून ठेवली होती. फोटोंसकट पाठवत होते. मी लॉग उघडा ठेवून बसलो होतो, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी डव्हकॉटचा शब्द येत होता, 'सेव्ह्ड'.