माओच्या नव्या सीझनच्या तोंडावर

रविवार, 25 सप्टेंबर 2016, पुणे

आज जपानची फिगर स्केटर माओ असादा हिचा वाढदिवस. 26 पूर्ण. दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात या वयाच्या मुलीला लोक म्हणतात, आत्ता कुठे सुरुवात आहे. मुलींच्या फिगर स्केटिंगमध्ये मात्र तिचं वय झालं म्हणून मोकळे होतात. एप्रिलमध्ये बोस्टनला जगज्जेती झालेली एवगेनिया मेदवेदेवा 16 वर्षांची आहे. जपानमध्येच सातोको मियाहारा सलग दोन वर्षं राष्ट्रीय विजेती आहे. यंदाची ज्युनिअर जगज्जेती मारिन होंदा तर माओने 2008 साली पहिलं जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. या सगळ्यांच्या रांगेत माओ पुन्हा उभी राहतेय. 6 ऑक्टोबरपासून फिनलंडमध्ये एस्पोची स्पर्धा, मग शिकागोजवळ स्केट अमेरिका, नोव्हेंबरमध्ये पॅरिस. आणि डोळ्यांसमोर 2018 चं प्योंगचांग ऑलिंपिक.

मागचा सीझन तिला जड गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्षभराची विश्रांती घेऊन ती परतली आणि ग्रां प्री मालिकेतली बीजिंगची स्पर्धा जिंकली, तेव्हा वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. पुढे नागानोला तिसरी, त्याच मालिकेच्या बार्सिलोनाच्या फायनलमध्ये सहा जणींत सहावी, राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी, बोस्टनला सातवी. आकडे वाचले की उतरण दिसते.

जपानीच्या क्लासमधली मैत्रीण परवा म्हणाली, ‘अगं, तिने 2014 च्या सैतामानंतरच थांबायला हवं होतं. जगज्जेतेपद हातात असताना निरोप घ्यायचा, लोकांच्या मनात तेच राहिलं असतं.’ सेन्सेई, म्हणजे आमच्या जपानीच्या बाई, वर्गात आल्या आणि विषय तिथेच राहिला. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. मैत्रीण वाईट हेतूने बोलली नाही. तिलाही माओ आवडते, माझ्याइतकीच. तरी मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आज नीट लिहून काढायचंय.

लोकांच्या मनात तेच राहिलं असतं, म्हणजे आमच्या मनात. आमची आठवण चकचकीत राहावी म्हणून 26 वर्षांच्या मुलीने आपलं आवडतं काम सोडायचं? 2014 मध्ये तिला विचारलं होतं, पुढे खेळणार का, तर ती म्हणाली होती, निम्मं-निम्मं. लोकांनी त्या उत्तराचा कीस काढला. मला ते फार प्रामाणिक वाटलं होतं. वर्षभर तिने स्वतःला वेळ दिला आणि परत यायचं ठरवलं. आता ते ठरवणं चूक की बरोबर, हे सातव्या क्रमांकावरून आपण कसं ठरवणार?

माझ्या दृष्टीने माओला समजून घ्यायचं तर सुवर्णपदकाच्या दिवसांपेक्षा 2010 चा हिवाळा बघावा. व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सल मारल्या होत्या (हवेत साडेतीन गिरक्यांची उडी), एक शॉर्टमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमात, आणि दोन फ्रीमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमात. असं कुठल्याच मुलीने आधी केलं नव्हतं. रौप्यपदक मिळालं, महिन्याभरात तुरिनला दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. विशी गाठायच्या आधी एवढं पदरी पडल्यावर कुणीही आहे ते सांभाळलं असतं. तिने नोबुओ सातो यांच्याकडे जाऊन सगळ्या उड्या मुळापासून शिकायला घेतल्या. सातो स्वतः दहा वेळा जपानचे विजेते, त्यांची मुलगी युका 1994 ची जगज्जेती, पण तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती आणि माओच्या सवयी लहानपणापासून मुरलेल्या होत्या. लुट्झ उडी घेताना बुटाखालच्या पात्याच्या बाहेरच्या धारेवर राहायचं असतं, तिचा पाय ऐन वेळी आतल्या धारेवर कलायचा. राहत्या घराचं जोतं उकरावं तसं ते काम होतं. घर तर सोडायचं नाही, सीझन चालूच.

मग व्हायचं ते झालं. त्या वर्षीची एनएचके ट्रॉफी, म्हणजे ग्रां प्रीची जपानमधली स्पर्धा, नागोयाला होती, म्हणजे तिच्याच गावात. आठवी आली. पुढे पॅरिसला पाचवी. वसंतात मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत सहावी. मी तेव्हा नुकतीच स्केटिंग बघायला लागले होते आणि जुन्या-नव्या क्लिप एकापाठोपाठ एक बघायचे. व्हँकुव्हरची माओ आणि नागोयाची माओ एकच आहे यावर विश्वास बसायचा नाही. उडी घ्यायला जाताना वेग कमी व्हायचा, खांदे आखडायचे, तीनच्या जागी दोन गिरक्या व्हायच्या, कधी एकच. आणि कार्यक्रम संपला की ती चारही बाजूंना वळून, कमरेतून वाकून, प्रत्येक बाजूला तेवढाच वेळ देत नमस्कार करायची. मी तिची झाले ती तेव्हा. जिंकणारी माओ मला नंतर भेटली.

2011 चा डिसेंबर आला. ग्रां प्री फायनलसाठी ती क्युबेकला पोचली होती, आईची तब्येत ढासळल्याचं कळलं, धावतपळत परत निघाली. भेट झाली नाही. त्याच महिन्यात ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली. याबद्दल जास्त लिहवत नाही.

सोची मात्र लिहायलाच हवं. 19 फेब्रुवारी 2014, शॉर्ट प्रोग्रॅम, पहिलीच ट्रिपल अ‍ॅक्सल, आणि ती पडली. त्यानंतर काहीच जुळलं नाही. 55.51 गुण, 16 वा क्रमांक. दुसऱ्या दिवशी जपानमध्ये माजी पंतप्रधान योशिरो मोरी जाहीर भाषणात बोलून गेले की ही मुलगी मोक्याच्या वेळी हमखास पडते. ते तेव्हा तोक्यो ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे अध्यक्ष होते! तिकडे जगभरच्या स्केटरनी आणि चाहत्यांनी रात्रभर तिला निरोप पाठवले होते, लढ म्हणून. मिळालेलं पदक साजरं करायला सगळेच येतात. इथे पदकाची आशाच संपली होती, तरी माणसं जागी होती.

20 तारखेला आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. आईने ताटं वाढली होती, लॅपटॉप टेबलावर, प्रक्षेपण अडखळत होतं. निळ्या पोशाखात माओ मध्यभागी आली. पियानोचे पहिले सूर, लांब वळण, आणि ट्रिपल अ‍ॅक्सल. उभी राहिली! मग एकेक करत आठ ट्रिपल उड्या. शेवटच्या पदन्यासात तिची पाती बर्फात इतकी खोल जात होती की वाटावं, ती बर्फावर नाही, बर्फात लिहितेय. संगीत थांबलं तशी तिने मान वर केली, चेहरा चुरगळला आणि रडू फुटलं. मग डोळे पुसत, हसायचा प्रयत्न करत, तोच चारही बाजूंचा नमस्कार. आईला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. भाताची वाटी हातात तशीच धरून ती म्हणाली, ‘रडू दे गं तिला. केव्हाचं दाबून ठेवलं असेल.’

142.71. तिचे तोवरचे फ्री स्केटचे सर्वांत जास्त गुण. त्या रात्रीच्या फ्रीमध्ये ती तिसरी होती, एकूण सहावी. मायदेशी परतल्यावर पत्रकारांनी मोरींबद्दल विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली की माणूस आहे, चुका होतात, आणि बोलल्याचं त्यांनाही आता थोडं वाईट वाटत असेल. मला तेव्हा त्या गृहस्थांचा असा संताप आला होता की तिचा शांतपणा बघून आधी रागच आला. मग वाटलं, हिला रोज बर्फावरून उठायची सवय आहे, ही अशा बोलण्याने कशाला हलेल. पुढच्याच महिन्यात सैतामाला तिने शॉर्टमध्ये 78.66 चा जागतिक विक्रम केला आणि तिसऱ्यांदा जगज्जेती झाली.

आता त्या अ‍ॅक्सलबद्दल. नेहमीचा सल्ला असा की सोड ती ट्रिपल अ‍ॅक्सल, सोपं खेळ, गुण घे. बाकीच्या पाचही प्रकारच्या उड्या पाठमोऱ्या घ्यायच्या असतात. अ‍ॅक्सल एकटी समोर तोंड करून, आणि उतरायचं पाठमोरंच, म्हणून ट्रिपल म्हटलं तरी साडेतीन गिरक्या. पाव फेऱ्याहून जास्त कमी पडलं की तांत्रिक पॅनेल स्लो मोशनमध्ये बघून खूण करतं आणि यंदाच्या (2016-17) नियमांप्रमाणे उडीची मूळ किंमत 8.5 वरून 5.9 वर येते. त्यात पडली तर आणखी वजावट. डबल अ‍ॅक्सलला 3.3 मिळतात, बिनधोक. कागदावर हिशेब मांडला तर पडण्याची भीती असलेल्या मुलीने डबल करावी, हे मलाही कळतं. पण ती उडी लहानपणापासून तिची आहे. 2005 मध्ये, पंधराव्या वर्षी, तोक्योत इरिना स्लुत्स्कायाला मागे टाकून तिने ग्रां प्री फायनल जिंकली, आणि वयाच्या अटीत 87 दिवस कमी पडल्यामुळे दोन महिन्यांवर आलेलं तुरिन ऑलिंपिक हुकलं. तेव्हापासून अख्ख्या देशाने आपली स्वप्नं तिच्या पाठीवर लादली. पदक हवं, मग सुवर्ण हवं, मग हसतमुख राहायला हवं. या सगळ्यात ‘मला हे करायचंय’ असं तिने ठामपणे धरून ठेवलेली ती उडी. यंदा ती करो वा न करो, तिचं तिने ठरवावं.

पाठिंबा म्हणजे काय, हे मला सेन्सेईंकडून कळलं. त्या नागोयाच्या बाजूच्या, 2014 च्या सैतामाला प्रेक्षकांत होत्या. वर्ग सुटल्यावर एकदा त्यांनी सगळं सांगितलं. फुलं टाकायची असतील तर ती देठापासून वरपर्यंत प्लास्टिकमध्ये बंद करून न्यायची, कारण एक पाकळी बर्फावर सुटी राहिली आणि पात्याखाली आली तर पुढची मुलगी पडेल. फलक घरी शिवून आणतात, नाव कापडातून कापून टाचलेलं, आणि कठड्याला बांधतात. रशियन, इटालियन, अमेरिकन मुलींचे फलकही जपानी बायकाच शिवतात. स्केटर मध्यभागी जाऊन उभी राहिली की सगळं स्टेडियम चिडीचूप होतं, आणि संगीत सुरू व्हायच्या आधीच्या त्या एक-दोन क्षणांत कुठून तरी वरून आवाज येतो, ‘माओ-चान, गांबा!’, म्हणजे जोर लाव! मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक. पुन्हा शांतता. सेन्सेई म्हणाल्या, मला ओरडायचं होतं पण गळा दाटून आला, शेजारच्या आजी ओरडल्या ते माझ्यातर्फे धरलं.

आणि कुणी पडलं की टाळ्या वाढतात. मी आधी त्याला सहानुभूती समजायचे, पण सहानुभूती अशी तालात येत नाही. मुलगी उठते, दोन पावलं टाकते, संगीत पुढे गेलेलं असतं, ते पकडायला तिला आधार लागतो. टाळ्या तो ठेका देतात. उपयोगाच्या टाळ्या आहेत त्या.

इथे पुण्यात बसून मी काय देणार? स्टेडियम नाही, फलक नाही. जून ते सप्टेंबर मोठ्या स्पर्धा नसतात, तेव्हा शोमधल्या छोट्या क्लिप बघायच्या, नवे पोशाख बघायचे, यंदा शॉर्ट आणि फ्री दोन्ही एकाच स्पॅनिश संगीतावर आहेत यावर मैत्रिणींशी तासन् तास बोलायचं. आणि एक वाढदिवसाचं कार्ड, जे मागेच पोस्टात टाकलं, चुक्यो विद्यापीठाच्या रिंकच्या पत्त्यावर. पोचलं असेल की नाही, देव जाणे. ते लिहिताना मी बराच वेळ अडले. ‘ऑलिंपिकला नक्की जा’ असं आधी लिहिलं होतं, ते कार्ड फाडलं. ते तिला जन्मभर लोकांनी ऐकवलंय, त्यात माझी भर कशाला. मग माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत एवढंच लिहिलं की तुझा सोचीचा शेवटचा पदन्यास मी वाईट दिवशी लावून बघते, माझी आईसुद्धा तुला ओळखते, आणि तुझी नवी फ्री बघायची आम्हाला उत्सुकता आहे. खाली देवनागरीत तिचं नाव, सुवाच्य अक्षरात.

मैत्रिणीला उद्या क्लासमध्ये सांगणार आहे की तू सैतामाची माओ जपून ठेव, तुझा हक्कच आहे. मला एस्पोची बघायची आहे. दहावी आली तरी.

फिनलंड आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तिकडची संध्याकाळ इकडे रात्र. या महिन्यात जिओचं सिम घेतलंय, त्यामुळे प्रक्षेपण अडखळणार नाही अशी आशा आहे. पितृपक्ष संपून शनिवारी घट बसतील, आणि स्पर्धा नेमकी नवरात्रात येतेय. आईने दिवस विचारून घेतले. आरती झाली की तीही बसणार आहे बघायला, म्हणाली, मला फक्त एवढं सांग की ती अ‍ॅक्सल कुठली ते ओळखायचं कसं. सांगितलं, जिच्याआधी ती समोर बघते ती.