समुद्रकाठचे व्याही आणि आमचं खारं पाणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमची लेक वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याजवळच्या गावात दिली, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही. "व्याही येत असतील ना तुमच्याकडे? मग त्यांना दाखवता तरी काय? तिकडं समुद्र, नारळी-पोफळी, आणि इकडं आपली ही सपाट काळी जमीन." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. दोन वर्षं मलाही हाच प्रश्न पडलेला होता.

आधी आमची जागा सांगते. अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. त्याच पट्ट्यातलं आमचं गाव. नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, तेच. प्यायला चालत नाही, आणि पिकाला दिलं तर काळी माती दगडासारखी बसते. त्यामुळं पावसानं जमिनीत जी ओल मुरली तिच्यावरच आमचा हरभरा येतो. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुरीची डाळ शिजवायला दुपार गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "डायीची चूक नाही बाई, पान्याची हाये." तेव्हापासून घरात दोन पाणी: वापरायचं वेगळं, प्यायचं वेगळं. अकोट-तेल्हाऱ्याकडं वान धरणावरून 84 खेडी योजना झाली, इतर भागांत इतर योजना आल्या, पण नळाला पाणी किती दिवसांनी येईल ते अजूनही विचारूनच घ्यावं लागतं.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्हीच तिकडं गेलो. व्याह्यांनी आठ दिवस हलू दिलं नाही. वेळागरचा किनारा दाखवला, आरवलीच्या वेतोबाला नेलं. तिथं देवाला केळ्यांचा घड वाहतात आणि भल्या मोठ्या चामड्याच्या चपला अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात त्याच्या चपला झिजतात, असं विहीणबाईंनी हात जोडून सांगितलं. शिरोड्याची मिठागरं पाहिली. पण माझ्या मनात राहिली ती त्यांच्या परसातली विहीर. जांभ्या दगडाची, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्यांनी कळशीभर पाणी वर काढलं, मी ओंजळ धरली आणि पाणी गोड लागलं. मी पुन्हा ओंजळ पुढं केली. समुद्र दाराशी असून यांचं पाणी गोड, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहून आमचं खारट. डोळ्यांत पाणी आलं ते मी तोंड धुण्याच्या निमित्तानं पुसलं.

त्या पाहुणचाराची परतफेड करायची म्हणून पहिल्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. जावयाला सुट्टी मिळाली म्हणून त्यांना मे महिन्यात बोलावलं. समुद्राच्या माणसांना पाण्यात बरं वाटेल म्हणून शहराबाहेरच्या एका वॉटरपार्कला नेलं. पत्र्याच्या शेडखाली, चव्वेचाळीस डिग्रीत, विहीणबाई दिवसभर पदरानं वारा घेत बसल्या. घरी आल्यावर त्यांना लू लागली. रात्रभर कांद्याचा रस तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. त्यात मी शहरातून बर्फातली मासळी आणली होती, त्यांना सवयीचं जेवण मिळावं म्हणून. ती ताजी नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, वरण-भात कालवून जेवल्या. त्यांचं ते न बोलणं मला फार लागलं. त्यांच्याच घरच्या गोष्टींची वाईट नक्कल मी त्यांच्यापुढं मांडत होते, आणि माझं घर मात्र लपवत होते.

दुसऱ्या खेपेला पौषात बोलावलं. नागपूर-मडगाव गाडी त्यांच्या कुडाळला थांबते आणि आमच्या अकोल्यालाही. गाडी बदलायची कटकट नाही.

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई आले की पहिल्या दिवशी रोडगे. शेतात गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा जगरा लावायचा, कणकेचे गोळे त्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. त्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तुरीच्या शेंगाही उकडल्या, नुसतं मीठ घालून. नातवंडांनी शेंगा सोलून त्यांच्या ताटात ढीग घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "विहीणबाई, आज सोल्यांची भाजी करते." त्यांचा चेहरा उजळला. उठून पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं, "आणलंत मी सोलं, घरची आसत, यंदाची." उघडून पाहिलं तर आमसुलं. त्यांच्याकडं कोकमाच्या सुकवलेल्या सालींना सोलं म्हणतात, सोलकढीतलं सोल तेच. आमचे सोले म्हणजे ओल्या हरभऱ्याचे दाणे. दोघी चुलीपाशी बसून किती वेळ हसलो. मग मी माझे सोले लसूण-मिरचीवर जाडसर वाटून रस्सा केला, त्यांनी त्यात दोन सोलं टाकली. किंचित आंबट झालेली ती भाजी आता आमच्या घरात तशीच होते. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर, हेही त्यांना त्याच सकाळी कळलं. भाजीवर टाकायला सांबार निवडून द्या म्हटल्यावर त्या बिचाऱ्या डाळीचा डबा शोधत होत्या.

त्याच दिवशी हात धुताना त्यांनी हौदातलं पाणी तोंडात घेतलं आणि थबकल्या. "गो बाय, ह्या पाणी तर खारा लागता!"

मी लपवलं नाही. त्यांना मागच्या विहिरीवर नेलं, बादली सोडली, पाणी दाखवलं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, घराघरात मुतखड्याची आणि मूत्रपिंडाची दुखणी आहेत, ते सगळं सांगितलं. माझी लेक पाचवीत असल्यापासून डोक्यावर गोडं पाणी आणायची, हेही सांगितलं. विहीणबाई विहिरीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून ती आमच्याकडं एक थेंब सांडू देत नाही." इतके दिवस त्यांना वाटायचं, पोर जरा चिक्कूच आहे.

इवाई मात्र खाऱ्या पाण्याला माणसासारखे ओळखत होते. त्यांनी ते जिभेवर घेतलं, थुंकलं, आणि विचारलं, "याचं मीठ कोणी करत नव्हतं का कधी?"

करत होते. आमच्यापासून दहीहांडा गाव दूर नाही. या पट्ट्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत. 1930 साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं, तेव्हा आमच्या लोकांना समुद्र नव्हता, पण पाणी खारं होतं. दहीहांड्याला विहिरीचं पाणी आटवून त्यांनी मीठ केलं आणि कायदा मोडला. हे ऐकल्यावर इवाई एकदम ताठ बसले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला होता, लाठ्या पडल्या होत्या. त्यांच्या घरात त्या दिवसांच्या गोष्टी आजोबांपासून चालत आलेल्या. मग आम्ही सगळे दहीहांड्याला गेलो. बघण्यासारखं तिथं फार काही मांडून ठेवलेलं नाही. तरी इवाई गल्ल्यांतून हळूहळू चालत होते, म्हाताऱ्या माणसांना थांबवून विचारत होते, आणि परत येताना आमच्या यांचा हात धरून म्हणाले, "आपलं नातं लग्नाच्या आधीचं निघालं हो."

त्यानंतर कुठं जायचं हे मला सुचवावं लागलं नाही. पाणी दिसेल तिकडं आम्ही गेलो.

नरनाळ्याला गेलो. अकोटच्या पुढं शहानूर, तिथून वर सातपुड्यात किल्ला. मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचं जंगल आहे, म्हणून प्रवेशाची नोंद करूनच सोडतात. महाकाली दरवाज्याचं कोरीवकाम बघायला अर्धा तास तरी द्यावा. 1487 साली फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कानं तो बांधला, तसा शिलालेखच त्यावर आहे. कमळं, सज्जे, जाळ्या, सगळं दगडात. पण इवाई तिथून लवकर निघाले, कारण त्यांना तळी बघायची होती. किल्ल्यावर ठिकठिकाणी तळी बांधलेली आहेत. मोठ्या तळ्याला शक्कर तलाव म्हणतात हे ऐकल्यावर ते थांबले. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चारी बाजूंनी समुद्र असताना, तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. "आमची साखरबाव, तुमचा शक्कर तलाव," एवढंच म्हणून ते काठावर बसून राहिले. मला वाटतं, पाण्याची किंमत कळलेल्या माणसांनीच पाण्याला अशी नावं दिली असतील. खाली उतरेपर्यंत ऊन कललं होतं, आणि साग-बांबूच्या त्या वाळक्या जंगलात विहीणबाईंना पहिल्यांदा रानगवे दिसले.

लोणारला पहाटे निघालो. 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, उल्का आदळून काळ्या बसाल्टात पडलेलं. 2020 साली ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंच. सरोवराचं पाणी खारं आहेच, पण समुद्रासारखं नाही. बोटांना साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. इवायांनी बोटं बुडवून चोळून बघितली, वास घेतला, "हे आमचं नव्हे," म्हणाले. आणि त्याच विवराच्या कडेला गोमुखाची धार आहे, बारमाही, गोड. वर गोडं, खाली खारं, मध्ये नुसता उतार. विहीणबाईंनी धारेखाली हात धरून तोंड धुतलं, बाटली भरून घेतली. दैत्यसुदनाचं देऊळ पाहायला पुरेसा वेळ ठेवा, आम्ही ठेवला नव्हता. अंधार पडायला लागला तरी शिल्पांसमोरून पाय निघेना.

शेगावला दर्शन घेतलं, कचोरी खाल्ली. तिथलं मी काय सांगू, तुम्ही सगळे जाताच.

शेवटच्या संध्याकाळी गांधीग्रामच्या पुलाखाली पूर्णेवर गेलो. थंडीत पाणी कमीच असतं, वाळूतून एक धार चाललेली. मी इवायांना सांगितलं, विदर्भातल्या वर्धा-वैनगंगेचं पाणी शेवटी पूर्वेच्या समुद्राला जातं, ही आमची पूर्णा मात्र पश्चिमेला वाहते. बैतुलच्या डोंगरात उगवते, चांगदेवला तापीला मिळते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. त्यांनी विचार केला आणि खाली वाकून पाण्यात हात घातला. "म्हणजे हे आमच्याचकडं येतंय." श्रावणात शेवटच्या सोमवारी याच घाटावरून कावडी भरून लोक अनवाणी अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात, खांद्यावर, रात्रभर चालत. ते ऐकून त्यांनी आमच्या यांना विचारलं, बाहेरच्या माणसाला खांदा देऊ देतात का. हे म्हणाले, "इवायाला कोण नाही म्हनंल?"

निघताना विहीणबाईंची ओटी भरली. तूरडाळ, खारोड्या, ज्वारीच्या पापड्या बांधून दिल्या. त्यांनी मला शिरोड्याच्या मिठाची पिशवी दिली, जाड खडे, किंचित करड्या रंगाचे. मी ते माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवलंय आणि तुरीच्या शेंगा उकडताना तेच वापरते.

म्हणून कोणी विचारलं ना, काय दाखवता, तर मी आधी विचारते की पाहुणे कधी येणार आहेत. मेमध्ये येणार असतील तर नका आणू. पौषात आणा, आणि येण्याआधी चार दिवस गोड्या पाण्याचे ड्रम भरून ठेवा. बाकी त्यांना तुमच्या मागच्या विहिरीवर घेऊन जा.

यंदा इवाई श्रावणातच यायचं म्हणतात, कावडीला. विहीणबाईंचा निरोप वेगळा आहे, त्यांना हिवाळाच हवा. मी आमच्या यांना सांगून ठेवलंय, धुऱ्यालगत हरभऱ्याची दोन तासं जास्तीची पेरा, फक्त सोल्यांसाठी.